कबुली कोणाजवळ? : इराणी बाल-लघुपटांतील चूक, खोटेपणा आणि हसू

बालपणी हातून घडलेली चूक आणि तिची कबुली ही थोर पुरुषांच्या चरित्रांतील एक ठरलेली जागा आहे. मेसन वीम्स या धर्मोपदेशकाने लिहिलेल्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या चरित्रात चेरीच्या झाडावर चालवलेल्या कुऱ्हाडीची हकीकत १८०६ च्या आवृत्तीत प्रथम आली. सत्यनिष्ठेचा धडा म्हणून जगभरच्या क्रमिक पुस्तकांत गेलेली ही गोष्ट स्वतः मात्र रचलेली होती, हे आता सर्वमान्य आहे. मराठीत याच जागी लोकमान्य टिळकांच्या भुईमुगाच्या टरफलांची आख्यायिका येऊन बसली. तिचा रोख अगदी उलट आहे. तिथे मुलगा चूक कबूल करत नाही. न केलेली चूक अंगाला लावून घ्यायला तो नकार देतो. दोन्ही कथांत एक गोष्ट मात्र समान आहे. मूल पुढे कोण होणार हे सांगणाऱ्याला आधीच ठाऊक असते आणि त्या भावी थोरवीचा उजेड मागे, शाळेच्या बाकापर्यंत, पोहोचवलेला असतो.

या कथनपद्धतीत मुलाच्या चुकीला स्वतःचे असे आयुष्य नसते. ती मोठेपणाच्या दिशेने टाकलेले पाऊल असते. चुकीला मुलाच्या उंचीवरून, त्या क्षणापुरते आणि हसऱ्या चेहऱ्याने पाहण्याचा एक दीर्घ प्रयत्न विसाव्या शतकात इराणमध्ये झाला. त्याचे माध्यम प्रामुख्याने लघुपट हे होते. चित्रपटाच्या इतिहासात या कृतींची नोंद मोठ्या दिग्दर्शकांचे उमेदवारीचे काम अशी केली जाते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने त्या अधिक गंभीरपणे पाहाव्यात अशा आहेत, कारण ‘खरे बोलावे’ या उपदेशाला त्यांनी एक अडचणीचा प्रश्न जोडला : खरे बोलायचे, पण कोणाजवळ?

ज्या संस्थेत हे काम झाले तिचे नाव ‘कानून-ए परवरेश-ए फेक्री-ये कूदकान व नौजवानान’. बालक आणि किशोर यांच्या बौद्धिक विकासासाठी ती १९६५ साली तेहरानमध्ये स्थापन झाली. ‘कानून’ हा शब्द मराठी कानाला फसवतो. कायदा या अर्थाचा शब्द फारसीत निराळ्या अक्षराने लिहिला जातो. येथील शब्दाचा मूळ अर्थ चूल किंवा शेगडी असा असून त्यावरून केंद्रस्थान हा अर्थ आला. राणी फराह पहलवी यांचा आश्रय आणि लिली अमीर-अर्जमंद यांचे संचालकत्व लाभलेल्या या संस्थेने आधी मुलांसाठी ग्रंथालये काढली, मग सचित्र पुस्तके छापली, आणि १९७० च्या सुमारास चित्रपटविभाग सुरू केला. त्या विभागाच्या उभारणीत अब्बास कियारोस्तामी (१९४०–२०१६) यांचा वाटा होता. बहराम बेझाई, अमीर नादेरी यांच्यासारख्यांनीही तेथे मुलांचे चित्रपट केले. भारतात बालचित्रपट संस्था त्याच्या दहा वर्षे आधी, १९५५ मध्ये स्थापन झाली होती आणि केदार शर्मा यांच्या ‘जलदीप’ने (१९५६) तिचा आरंभही चांगला झाला होता. फरक पडला तो वेगळ्या ठिकाणी. तेहरानच्या संस्थेने तरुण कलावंतांना पाच-दहा मिनिटांची, तिकीटबारीशी संबंध नसलेली, पाठ्यपुस्तकातील प्रश्नासारखी एकच अडचण घेऊन उभी राहणारी चित्रकृती करू दिली.

बेझाई यांचा ‘अमू सिबिलू’ (१९७०), म्हणजे मिशीवाले काका, हा या मालिकेतील अगदी आरंभीचा चित्रपट. घराशेजारच्या मोकळ्या जागेत चेंडू खेळणारी पोरे आणि त्यांच्या गलक्याने वैतागलेला एकटा म्हातारा, एवढेच त्याचे भांडवल आहे. अशी गोष्ट मराठी वाचकाच्या प्रत्येक वाड्यात घडलेली आहे. पोरे दूर गेल्यावर म्हाताऱ्याला शांतता खायला उठते, आणि चूक नक्की कोणाची होती हा हिशेब उलटू लागतो. येथे पोरांकडून क्षमायाचना करवून घेण्याची दिग्दर्शकाला गरज वाटलेली नाही.

या प्रवृत्तीचे सर्वांत रेखीव उदाहरण म्हणजे कियारोस्तामींचा १९७५ सालचा सुमारे पाच मिनिटांचा लघुपट, ‘एका प्रश्नाची दोन उत्तरे’. मूळ नावातील ‘मसअले’ हा शब्द आपल्याकडील ‘मसला’च होय. दारा आणि नादेर हे वर्गमित्र. नादेरने वाचायला नेलेली दाराची वही परत दिली तेव्हा ती फाटलेली होती. पहिल्या उत्तरात दारा नादेरची वही फाडतो. मग एकेका वस्तूची पाळी येते आणि प्रकरण शालेय साहित्यावरून कपड्यांवर, कपड्यांवरून अंगावर जाते. एक तटस्थ पार्श्वनिवेदक हे सारे अंकगणितातल्या उदाहरणाच्या स्वरात सांगत राहतो. शेवटी दोन्ही बाजूंच्या नुकसानीची यादी मांडली जाते, न्यायालयातील पंचनाम्यासारखी. दुसऱ्या उत्तरात नादेर फाटलेली वही चिकटवून देतो आणि दोघे मित्र राहतात. हसू येते ते मुलांच्या मारामारीपेक्षा त्या कोरड्या हिशेबाला. मोठ्यांच्या जगातली युद्धे, भाऊबंदकीचे दावे, सीमातंटे याच हिशेबाने चालतात हे प्रेक्षकाला आपोआप आठवते, आणि दिग्दर्शक ते सांगत बसत नाही.

या लघुपटात वही कोणी फाडली हे कोणी विचारत नाही, ही गोष्ट सहज नजरेतून सुटते. शिक्षक हस्तक्षेप करत नाहीत, आई-वडील दिसत नाहीत. नादेरने शब्दांनी कबुली दिल्याचे निवेदक सांगत नाही. कबुलीचे काम डिंकाने केलेले आहे. चूक ज्याच्या बाबतीत झाली त्याच्याशीच तिचा निकाल लागतो आणि वरच्या कोणत्याही सत्तेपर्यंत ती पोहोचत नाही. एका मुलाकडून दुसऱ्या मुलाकडे, आडव्या दिशेने जाणारी ही कबुली भारतीय वाचकाच्या परिचयाच्या परंपरेहून वेगळी आहे.

ती परंपरा कोणती हे पाहण्यासाठी गांधीजींच्या आत्मकथेकडे वळावे लागते. ‘नवजीवन’मध्ये १९२५ ते १९२९ या काळात गुजरातीत क्रमशः आलेल्या या आत्मकथेत चोरी आणि प्रायश्चित्त यांवरचे प्रकरण प्रसिद्ध आहे. भावाला पंचवीस रुपयांचे कर्ज झाले होते; ते फेडण्यासाठी पंधरा वर्षांच्या मोहनने भावाच्याच कड्यातील सोन्याचा तुकडा काढला. पुढे हे ओझे सहन होईना, तेव्हा त्याने चिठ्ठी लिहिली, शिक्षा मागितली, वडिलांनी स्वतःला त्रास करून घेऊ नये अशी विनवणीही केली, आणि चिठ्ठी आजारी वडिलांच्या हाती दिली. वडील उठून बसले, वाचताना त्यांचे डोळे वाहू लागले, चिठ्ठी त्यांनी फाडली आणि ते पुन्हा आडवे झाले. येथेही कागद फाटतो, पण केवढ्या वेगळ्या अर्थाने! कबुली खालून वर गेली, वरून अश्रू खाली आले आणि त्या अश्रूंनी अपराध धुऊन टाकला. गांधीजींच्या बालपणातील विनोदी म्हणावा असा प्रसंग निराळाच आहे. तपासणीला आलेल्या जाइल्स साहेबांसमोर ‘केटल’ या इंग्रजी शब्दाची अक्षरे चुकली असताना शेजाऱ्याच्या पाटीवरून पाहून लिही, असे शिक्षकच बुटाच्या टोकाने सुचवत होते, आणि मोहनला ते समजलेच नाही. शाळेची अब्रू राखण्यासाठी गुरुजी खोटेपणाला तयार आहेत, शिष्य मात्र प्रामाणिकपणामुळे मठ्ठ ठरतो. कियारोस्तामींनी हा प्रसंग घेतला असता तर त्याचा उत्तम लघुपट झाला असता, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

मराठीत या ऊर्ध्वगामी कबुलीचा आदर्श ग्रंथ ‘श्यामची आई’ हा होय. साने गुरुजींनी तो १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिला आणि १९३५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्री आठवणी सांगतो, अशी त्याची रचना आहे. त्या आठवणींत चुकांची रेलचेल आहे. श्याम पोहायला जायचे टाळून लपतो, फुलण्याआधीच कळ्या तोडतो, पुस्तके वाचून मोठे होण्याच्या हौसेने चोरी करतो. प्रत्येक चूक आईपर्यंत पोहोचते आणि आईकडून शहाणपण होऊन परत येते. पोहण्याच्या प्रसंगात लपलेल्या पोराला हुडकून शिंपटीने झोडपत विहिरीकडे पिटाळणारी आई मुळात विनोदी चित्र आहे. परंतु सांगणारा प्रौढ श्याम गहिवरलेला असल्यामुळे ते हसू आतल्या आत राहते. या पुस्तकावर १९५३ मध्ये चित्रपट केला तो ‘झेंडूची फुले’ आणि ‘साष्टांग नमस्कार’ लिहिणाऱ्या आचार्य अत्रे यांनी, हा मराठी वाङ्मयेतिहासातला एक लोभसवाणा विरोधाभास आहे. महाराष्ट्राला सर्वाधिक हसवणाऱ्या लेखकाने महाराष्ट्राला सर्वाधिक रडवणारा चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला १९५४ मध्ये मिळाले. मराठी कौटुंबिक विनोदाची दुसरी परंपरा, बडोद्यात पाली शिकवणाऱ्या चिं. वि. जोशींची, या प्रश्नाकडे बाजूने जाते. चिमणरावांच्या घरात थापा मारण्यात आणि त्या निस्तरण्यात दमछाक होते ती बहुधा मोठ्यांचीच. तिथे आसवांना जागा नसते. पण मुलाच्या चुकीला मध्यवर्ती स्थान मिळावे अशीही ती कथा नव्हे.

गांधीजी आणि साने गुरुजी यांच्या कथनात दोन गोष्टी गृहीत आहेत. कबुली ऐकणारा प्रेमळ आहे, ही पहिली. सांगणारा आता मोठा झालेला आहे, ही दुसरी. संस्थेच्या चित्रपटांत या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या आहेत. चित्रपटाचा कॅमेरा वर्तमानातच पाहतो आणि मूल पुढे कोण होणार हे त्याला माहीत नसते. हे माध्यमाचे वैशिष्ट्य म्हणून सोडून देता येईल, पण पहिल्या गोष्टीचा संबंध माध्यमाशी नाही. कियारोस्तामींच्या ‘मधली सुट्टी’ (१९७२) या लघुपटातील मुलाच्या चेंडूने काच फुटते आणि त्याला शिक्षा होते. पुढचा सारा चित्रपट तो एकटा रस्त्याने कसा जातो याचा आहे. ‘मोसाफेर’ (१९७४) या दीर्घ चित्रपटातील कासेमला फुटबॉलचा सामना पाहायला तेहरानला जायचे असते. तो आईचे पैसे चोरतो. आई स्वतः शाळेत येऊन तक्रार करते. मुख्याध्यापक तिच्यादेखत त्याच्या तळहातावर छड्या मारतात आणि प्रत्येक छडीबरोबर कबुली मागतात. कासेम ती देत नाही. त्यानंतर तो रिकामा कॅमेरा घेऊन शाळेतल्या लहान मुलांचे ‘फोटो’ काढतो आणि त्यांच्याकडून पैसे उकळतो. ओळीने येऊन केस नीट करून, गंभीर चेहऱ्याने न निघणाऱ्या छायाचित्रासाठी उभी राहणारी ती मुले हे जागतिक चित्रपटातील अत्यंत गोड आणि अत्यंत दुष्ट असे एकच दृश्य असावे. एवढे करून तेहरानला पोहोचलेला कासेम सामन्याच्या वेळी झोपून जातो. नियतीने शिक्षा केली असे म्हणता येते, आणि दमलेले पोर झोपले असेही म्हणता येते.

येथे फारसी साहित्याच्या एका जुन्या प्रकरणाची आठवण अपरिहार्य आहे. सादीच्या ‘गुलिस्तान’ (१२५८) या ग्रंथातील पहिल्याच कथेत मृत्युदंड झालेला कैदी आपल्या भाषेत राजाला शिव्या देतो. एक वजीर त्या बोलांचा अर्थ क्षमेची याचना असा सांगतो. दुसरा वजीर खरे काय ते उघड करतो. राजा पहिल्याच्या खोट्याला अधिक मानतो, कारण त्याच्या मुळाशी हित आहे आणि दुसऱ्याच्या सत्याच्या मुळाशी वैर. हित या अर्थाने येथे येणारी कल्पना म्हणजे ‘मस्लहत’. तोच शब्द मराठीत ‘मसलत’ झाला आणि सल्ल्यापासून कटापर्यंत अनेक छटा त्याने धारण केल्या. ‘गुलिस्तान’ हा ग्रंथ भारतात शतकानुशतके फारसीचा पहिला पाठ म्हणून वाचला गेला. फोर्ट विल्यम महाविद्यालयात शेर अली अफसोस यांनी त्याचा उर्दू अनुवाद केला. तेव्हा ही कथा आपल्याला परकी नाही. मात्र एका कथेवरून ‘इराणी मन’ असे काही कल्पून कियारोस्तामींना सादीचे शिष्य ठरवणे हा तौलनिक अभ्यासातला सोपा आणि म्हणून टाळण्याजोगा मार्ग होय. ‘सत्यं ब्रूयात्’ म्हणताना अप्रिय सत्य बोलू नये अशी पुस्ती आपल्याही स्मृतिकारांनी जोडलीच होती. सादीचे महत्त्व येथे इतकेच की सत्य कोणासमोर उच्चारले जाते आणि त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न त्या भाषेच्या शालेय वाचनात पहिल्या पानापासून होता.

हा प्रश्न १९७९ साली अनपेक्षितपणे थेट राजकारणात आला. त्या वर्षी फेब्रुवारीत शाहची राजवट कोसळली आणि त्याच वर्षी कियारोस्तामींनी ‘प्रकरण : पहिले रूप, दुसरे रूप’ हा जेमतेम तासाभराचा चित्रपट पूर्ण केला. त्याची घडण ‘एका प्रश्नाची दोन उत्तरे’सारखीच आहे. वर्गात शिक्षक फळ्याकडे तोंड करून मानवी कानाची आकृती काढत आहेत. मागच्या बाजूने ठोकल्याचा आवाज येतो. शिक्षक वळतात, आवाज थांबतो. पुन्हा फळ्याकडे वळतात, पुन्हा आवाज. अखेर शिक्षक मागच्या बाकांवरच्या सात मुलांना उभे करतात : खोडी कोणी केली ते सांगा, नाहीतर आठवडाभर वर्गाबाहेर राहा. मुले बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहतात. पहिल्या रूपात त्यांतला एक जण आत येऊन नाव सांगतो आणि आपल्या बाकावर जाऊन बसतो. दुसऱ्या रूपात कोणीच बोलत नाही आणि आठवडा पुरा होतो.

इथवर हा शाळेतला विनोदी प्रसंग आहे. फळ्यावरचा कान आणि मागून येणारा आवाज यांची जोडगोळी तर प्रहसनातलीच. परंतु यानंतर कियारोस्तामी ही दोन्ही रूपे मोठ्या माणसांना दाखवतात आणि त्यांचे मत विचारतात. मुलांच्या वडिलांना विचारतात. शिक्षणक्षेत्रातल्यांना विचारतात. एज़तोल्लाह एन्तेज़ामी हे नट आहेत, मसूद कीमियाई हे दिग्दर्शक आहेत, ज्यू आणि आर्मेनियन धर्मगुरू आहेत. क्रांतीनंतर देशाच्या कारभारात आलेली माणसे आहेत : इब्राहिम यज़्दी, सादेक कोत्बज़ादे, क्रांतिकारी न्यायालयाचे प्रमुख सादेक खल्खाली, आणि तूदेह या साम्यवादी पक्षाचे नेते नूरुद्दीन कियानूरी. प्रत्येक जण गंभीरपणे त्या पोरांचा न्याय करतो. बहुतेकांचा कौल नाव न सांगणाऱ्यांच्या बाजूने पडतो, आणि तो तसा पडणे त्या वर्षी स्वाभाविकही होते. शाहच्या गुप्त पोलिसांना नावे सांगणे म्हणजे काय असते हे ताजे होते. मित्राचे नाव न फोडणारा मुलगा त्या वातावरणात आपोआप वीर ठरत होता.

विनोदाची तीक्ष्णता येथे पुरती कळते. ज्या कबुलीला नीतिकथेने सत्यनिष्ठा म्हटले तिलाच आता फितुरी म्हटले जात आहे आणि तेही राज्यकर्त्यांच्या तोंडून. पण एक बारकावा निसटू नये. पहिल्या रूपातला मुलगा खोटे बोललेला नाही. तो खरेच सांगतो. फक्त ते सत्य त्याचे स्वतःचे नाही, दुसऱ्याच्या चुकीविषयीचे आहे. ‘कबुली’ आणि ‘चुगली’ यांतील हे अंतर कोणत्याही भाषेतले मूल वयाच्या सातव्या-आठव्या वर्षी जाणते. नीतिपर बालवाङ्मयाने मात्र त्याची फारशी दखल घेतलेली नाही. आणखी एक गोष्ट अशी की दुसऱ्या रूपातही खोडी करणारा स्वतः पुढे येत नाही. सहा जण त्याच्यासाठी बाहेर उभे राहतात आणि तो त्यांच्यातच उभा असतो. एकजुटीची स्तुती करणाऱ्यांनी या मुलाचा विचार कितपत केला, हा प्रश्न चित्रपट पाहिल्यावर बराच वेळ मनात राहतो. गांधीजींची चिठ्ठी लिहिणारा मुलगा या वर्गात नाही. त्याने चिठ्ठी लिहिली असती तर ती कोणाला द्यायची होती?

पुढच्या काही वर्षांत घडले ते चित्रपटाच्या बाहेरचे, पण आता चित्रपट त्यापासून वेगळा करता येत नाही. नाव न सांगणाऱ्यांचे कौतुक ज्यांच्या तोंडून ऐकू आले, त्याच नव्या राजवटीत नावे काढून घेणे पुन्हा सुरू झाले. खल्खालींच्या न्यायालयाने अनेकांना मृत्युदंड दिले. कोत्बज़ादे यांना १९८२ मध्ये कटाच्या आरोपावरून मारण्यात आले. कियानूरी यांना १९८३ मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी त्यांना दूरचित्रवाणीवर येऊन आपल्या व पक्षाच्या अपराधांची कबुली द्यावी लागली. मुलांच्या कबुलीवर निर्णय देणारा माणूस चार वर्षांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर कबुलीसाठी बसवला गेला. हा चित्रपट फार काळ लोकांसमोर राहिला नाही यात आश्चर्य नाही.

या अनुभवानंतर कियारोस्तामी मुलांच्या चुकीकडे परत आले ते ‘मित्राचे घर कुठे आहे?’ (१९८७) या चित्रपटात. शीर्षक सोहराब सेपेहरी यांच्या कवितेवरून घेतलेले आहे. कोकेर गावचा अहमद चुकून वर्गमित्राची वही घरी आणतो. वहीत अभ्यास केला नाही तर त्या मित्राला शाळेतून काढून टाकू असे शिक्षकांनी बजावलेले असते. अहमद आईला खरे तेच पुन्हा पुन्हा सांगतो आणि आईच्या कानांत ते शिरत नाही. घरातल्या घरात, बाळाचा पाळणा आणि धुणे यांच्या धबडग्यात चाललेला हा संवाद अस्सल कौटुंबिक विनोद आहे : मूल प्रामाणिक आहे आणि नेमका प्रामाणिकपणाच निरुपयोगी आहे. वाटेत आजोबा भेटतात. आपले वडील आपल्याला आठवड्याला एक नाणे आणि पंधरवड्याला एक मार देत, नाणे विसरत पण मार विसरत नसत, असे ते अभिमानाने सांगतात. मित्राचे घर सापडत नाही. रात्री अहमद मित्राचाही अभ्यास स्वतःच लिहून काढतो आणि सकाळी वही त्याच्यापुढे सरकवतो. शिक्षक पाने उलटतात, मध्ये दाबून ठेवलेले फूल दिसते, ते शेरा मारतात आणि पुढे जातात. शिस्तीच्या दृष्टीने ही सरळसरळ लबाडी आहे, आणि ती पकडली जात नाही. दारा-नादेरच्या लघुपटात डिंकाने जे केले ते येथे हस्ताक्षराने केले आहे.

त्यानंतरच्या ‘गृहपाठ’ (१९८९) या माहितीपटात कियारोस्तामी स्वतः गडद चष्मा लावून तेहरानच्या एका शाळेतील मुलांना प्रश्न विचारतात. कार्टून आवडते की गृहपाठ? मुले ठाम उत्तर देतात : गृहपाठ. खोटे इतके उघड आहे की हसू येते. आणि मुलाच्या डोळ्यांतली कॅमेऱ्याची भीती दिसताच ते हसू ओशाळते. शिक्षेला त्यांच्या भाषेत ‘तन्बीह’ म्हणतात. ती कशी मिळते, कोणत्या पट्ट्याने मिळते, हे सर्वांना तपशीलवार सांगता येते. उत्तेजन या अर्थाचा ‘तश्वीक’ हा शब्द मात्र त्यांतल्या कित्येकांना ठाऊकच नसतो. मराठीने फारसीकडून काय घेतले याची येथे सहज आठवण होते. ‘तन्बीह’ची आपल्याकडे ‘तंबी’ झाली आणि ती घरोघर, शाळोशाळी रुजली. कबुली, माफी, सजा हे शब्दही तिकडचेच; फारसीत पाप असा अर्थ असलेला ‘गुनाह’ आपल्याकडे दप्तरात आणि न्यायालयात शिरून ‘गुन्हा’ झाला. शिवकाळात ‘राज्यव्यवहारकोशा’ने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा मोठा उद्योग केला, तरी चुकलेल्या मुलाशी बोलताना मराठी घर आजही कचेरीतल्याच शब्दांनी बोलते. ‘तश्वीक’ मराठीने घेतलाच नाही. त्याच धातूपासून निघालेला ‘शौक’ तेवढा घेतला, आणि तोही काहीशा संशयाने.

याच संस्थेने निर्मिलेला माजिद माजिदी यांचा ‘बच्चेहा-ये आसमान’ (१९९७) भारतात सर्वाधिक पाहिला गेला. बहिणीचे दुरुस्त करून आणलेले बूट अलीच्या हातून हरवतात. घरात पैसे नाहीत हे दोघांना ठाऊक असल्याने वडिलांना सांगायचे नाही असे ते ठरवतात, आणि एकच जोड दोघे पाळीपाळीने वापरतात. वडिलांसमोर अभ्यासाला बसल्यासारखे करून वहीतून चाललेला त्यांचा चिठ्ठ्यांचा व्यवहार हा या साऱ्या परंपरेतला सर्वांत हळुवार विनोद आहे. गांधीजींची चिठ्ठी वडिलांच्या हाती गेली होती. या चिठ्ठ्या वडिलांच्या पाठीमागून जातात, आणि दोन्हींच्या मुळाशी वडिलांना दुःख होऊ नये हीच इच्छा आहे. प्रियदर्शन यांनी २०१० मध्ये ‘बम बम बोले’ या नावाने त्याचे हिंदी रूपांतर केले. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेल्या वडिलांभोवती त्यांनी दहशतवादाच्या संशयाचे उपकथानक रचले. त्यामुळे मुलांच्या गुपितापेक्षा वडिलांच्या निर्दोषत्वाला अधिक जागा मिळाली आणि मूळ कथेतील शांतता हरवली. हरवलेल्या बुटांचे प्रकरण स्वतःच्या बळावर दीड तास टिकते, हा विश्वास माजिदींना होता तो त्यांच्या आधी पंचवीस वर्षे त्या संस्थेत झालेल्या कामामुळे.

मूळ चित्रपटाच्या अखेरीस शर्यतीत बुटांसाठी तिसरा येऊ पाहणारा अली चुकून पहिला येतो आणि बक्षिसातले बूट हुकतात. तो घरी येतो. बहीण त्याच्या चेहऱ्याकडे पाहते, काही न विचारता निघून जाते. तो सोललेले पाय हौदात सोडून बसतो आणि लाल मासे त्यांच्याभोवती जमतात. त्याआधी एका क्षणभराच्या दृश्यात वडिलांच्या सायकलवर नव्या बुटांचे जोड दिसून गेलेले असतात. ते त्यांनी आपण होऊन घेतले, की त्यांना कधीतरी काही समजले होते, याचा उलगडा चित्रपटात होत नाही. मुलांनी तर त्यांना काहीच सांगितलेले नसते.